अंघोळीपुरतं शहर

आमच्या घरात शहराला नावं ठेवायचा मान अण्णांचा, आणि शहरात जायची हौस बाकीच्या सगळ्यांची. अण्णा म्हणजे आमचे वडील. फुलंब्रीहून औरंगाबाद काही लांब नाही. चौक्याचा घाट उतरला, सावंगी मागं पडली, हर्सूल आलं की दिल्ली दरवाजा. पण अण्णा त्या गावाबद्दल असं बोलायचे, जणू ते समुद्रापलीकडं आहे. "तिथं माणूस माणसाला वळखत नाय. चहाला चव नाय. कुत्रीबी भुकत नायत, नुसती बघत बसतेत." हे सांगताना ते दोन्ही गुडघे जवळ घेऊन घोंगडीवर बसलेले असायचे आणि आवाजात खरी कळकळ असायची. आता त्या शहराचं नाव बदललं, ते वाढत वाढत आमच्या शिवाराला येऊन टेकलं. माझ्या घरामागं जिथं ज्वारी व्हायची तिथं प्लॉटचे दगड रोवलेत. लोक मला विचारतात, "तुम्ही शहरातच राहता ना?" विचारणारा कोण आहे हे बघून मी कधी हो म्हणते, कधी नाही.

अण्णांचा राग कशाचा, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही धनगर. अण्णांच्या तरुणपणी आमची मेंढरं चांगली वाडाभर होती. एकदा ते लोकर घेऊन शहरात गेले, तर पेढीवाल्यानं त्यांना दुकानात बसू दिलं नाही. वास येतो म्हणून पायरीखाली उन्हात उभं केलं. एवढंच. पण हे अण्णांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. ते चहालाच दोष देत राहिले. माय म्हणाली, "माणसाला खरं दुखणं सांगायची लाज वाटती, मग ते चहाचं नाव पुढं करतं."

त्यातच त्यांची धाकटी बहीण, आमची जनाआत्या, शहरात गेलेली. ती दिली होती देवगाव रंगारीला, चांगल्या शेतीवाडीच्या घरात. पुढं तिचे यजमान गिरणीत कामाला लागले आणि दोघांनी शहागंजाच्या मागं एका गल्लीत बिऱ्हाड केलं. अण्णांच्या हिशेबी ही सरळ फसवणूक होती. "बहीण गेली ती गेली. पोरगी काय म्या शहराला देणार नाय," असं ते जेवताना, काही संबंध नसताना, एकदम म्हणायचे. माझी थोरली बहीण कौसाअक्का तेव्हा त्यांच्या ताटात भाकरी वाढत असायची. तिचा हात जरा थांबायचा आणि मग भाकरी ताटात पडायची, जरा जोरात.

अक्काला शहर हवं होतं. सिनेमासाठी नाही, साड्यांसाठी नाही. तिला नळ हवा होता. ती दुष्काळाची वर्षं होती. चुलता उरलीसुरली मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरला होता आणि वाडा रिकामा पडला होता. आमच्या विहिरीच्या तळाला बोटभर झरा उरला होता. अक्का दोराला धरून खाली उतरायची, वाटीनं पाणी जमवून घागर भरायची आणि मी वर बसून दोर ओढायची. वाटी दगडावर घासल्याचा तो आवाज अजून कधी स्वयंपाकघरात झाला तर माझ्या दातांतून कळ जाते. त्या पाण्याला घरात माणसापेक्षा जास्त कामं होती. आधी त्यात भाजी धुवायची, मग हात, मग तेच शेळीपुढं ठेवायचं. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं. जेवायला रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी. तिला असा वास यायचा की पहिला घास श्वास धरून गिळायचा. सरकारनं काढलेल्या खडी फोडायच्या कामावर पोरांना सुकडी, म्हणजे गोड कोरडा खाऊ, मिळायची, ती मात्र मला आवडायची, आणि दुष्काळात काहीतरी आवडतं याची मला चोरटी लाजही वाटायची.

त्या खडीच्या कामावर गावातली सगळी मोठी माणसं जायची, अण्णाही. दिवसभर माळावरून टक् टक् आवाज यायचा. काम कशाचं? तर शहराकडं जाणारा रस्ता रुंद करायचं. ज्या शहराला अण्णा रोज शिव्या देत, त्याच्याचकडं जायची वाट ते रोज हातानं फोडून रुंद करत होते. ही गंमत घरात सगळ्यांना कळली होती; बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती.

आणि आम्ही? आम्ही अंघोळीला शहरात जात होतो. आत्याच्या अंगणात नळ होता. हे अर्थात असं सरळ सांगायचं नव्हतं. जनाआत्या त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा आजारी पडली की खरोखर एवढी आजारी असती तर जगली नसती. माय एसटीत बसायच्या आधी गावाला ऐकू जाईल असं म्हणायची, "नणंदेला पुन्हा ताप आला बाई, बघून येते." एकदा शेजारच्या गिरजाकाकूनं मायचं गाठोडं हातानं चाचपलं आणि विचारलं, "नणंदेला ताप आलाय, तर मग ही शिकेकाई काहून घेतली?" माय म्हणाली, "उगाळून कपाळाला लावायला." काकूनं मान हलवली, पण पुढच्या खेपेला तिनं आमच्या गाठोड्यात स्वतःच्या नातवाची दोन झबली हळूच सरकवली.

तिथं गेल्यावर मात्र माझं मन दोन्हीकडून ओढलं जायचं. आत्यानं भरून ठेवलेलं पाणी डोक्यावरून ओतलं की वाटायचं, इथंच राहावं, मेलं तरी परत जाऊ नये. मग अंग पुसून बाहेर यायचं, तर आत्याची लता ओट्यावर बसलेली. ती माझ्या वयाची. मी म्हणायची, "लई गार पाणी हाय." ती लगेच मैत्रिणींना वळून म्हणायची, "लई गार हाय!" अंगाची धूळ निघायची, पण तोंड उघडलं की मी पुन्हा होते तीच. मग गावी आल्यावर मी मुद्दाम लतासारखं 'इथे', 'तिथे' म्हणायची, तर आमच्या गल्लीतल्या पोरी हसायच्या. दोन गावांच्या मधल्या घाटात एसटी बंद पडावी आणि आपण तिथंच राहावं, असं मला काही वेळा खरंच वाटायचं.

अण्णांना हे सगळं ठाऊक होतं. आम्ही परत आलो की साबणाचा वास घरभर व्हायचा. ते घोंगडी उचलून बाहेर शेळीजवळ जाऊन बसायचे. स्वतः मात्र कधी आले नाहीत. "म्या शहराच्या पाण्यानं अंग धुणार नाय," असं त्यांनी एकदा शेळीला सांगितलं, आम्ही ऐकत असताना.

मग अक्काचं स्थळ आलं. लासूर स्टेशनचे लोक, अण्णांच्या पसंतीचे. थोडी शेती, मुलगा बाजारपेठेत वजनकाट्यावर. शहर नाही, हा अण्णांच्या दृष्टीनं त्यातला सगळ्यात मोठा गुण. अडचण एकच होती. पाहुणे मुलगी बघायला येणार आणि त्यांच्या पायांवर घालायला घरात तांब्याभर पाणी नाही. मग मायनं अगदी सहज सुचल्यासारखं म्हटलं, "जनाबाईच्या तिथं बघायचा कार्यक्रम केला तर? त्यांनाबी रेल्वे थेट हाय." पाहुण्यांचा होकार इतका लगेच आला की आम्हाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. अण्णा खिडकीशी बसले होते. स्वतः फोडलेली खडी जिथं पसरली होती तो भाग आला तेव्हा त्यांनी बाहेर बघायचं टाळलं. अक्काचे केस कमरेखाली जायचे आणि त्यात किती दिवसांची माती होती कोण जाणे. घाटात ती माझ्या कानाशी म्हणाली, "लासूरला विहीर हाय म्हणं. पुन्हा विहीरच."

आत्याकडं पोचलो, तर ती दारातच रडत उभी. नळाला पाणी नव्हतं. तेवढंच नाही, तो नळ कधीचाच कोरडा होता. आम्ही इतके दिवस ज्या पाण्यानं न्हात होतो ते ती आणि तिचे यजमान, आमचे मामा, आदल्या दिवशी लांबच्या सरकारी चावीवरून, म्हणजे रस्त्यावरच्या नळावरून, घागरी वाहून आणत, आमच्यासाठी पिंप भरून ठेवत. आज ती चावीही बंद पडली होती. "माहेरच्या माणसांना काय सांगू, शहरात येऊनबी पाणीच वाहतेय म्हणून?" ती पदरात तोंड घालून म्हणाली. मायनं खाली बघितलं. आम्ही केलेल्या सगळ्या अंघोळी तिच्या डोक्यावरून आल्या होत्या.

मी अण्णांकडं बघितलं. शहराला नावं ठेवायची इतकी नामी संधी त्यांच्या आयुष्यात आली नव्हती. त्यांनी ती सोडली. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "वेडे, आधी सांगाया काय झालं व्हतं?"

एवढ्यात पलीकडच्या दारातून जुबेदाखाला बाहेर आल्या. आत्या भाड्यानं राहायची त्या घराच्या त्या मालकीणबाई. पांढरे केस, तोंडात पान, आणि आवाज असा की गल्लीतले रिक्षावाले त्यांना वाट देत. त्या म्हणाल्या, "कायकू रोती जी जना? मेरे हौद में है ना थोडा पानी. नहर का है. नल मर गया, नहर नहीं मरी अभी."

त्यांच्या अंगणात दगडी हौद होता. शहरातली जुनी नहर, कुठल्याशा मलिकाच्या काळातला पाण्याचा पाट, जमिनीखालून अजून थोडीथोडी झिरपत होती. तळाला हिरवट पाणी होतं. खालांनी ते स्वतः बघितलं, बोटांवर हिशेब केला आणि निकाल दिला: माणशी एक बादली, त्याहून एक तांब्या जास्त नाही. "पहले भाईसाब," त्या अण्णांकडं बोट करून म्हणाल्या.

अण्णा म्हणाले, "म्या नाय. म्या घरूनच..." आणि थांबले. घरून काय, हे त्यांनाच सांगता येईना.

"शरमाते कायकू?"

"तसं नाय. हे शहराचं पाणी..."

"शहर का?" खाला इतक्या जोरात हसल्या की पानाची पिंक चुकून ओट्यावर पडली. "अजी, ये तो तुम्हारे उधर का है! हर्सूल के पीछे के डोंगर से आता. हम लोगां तुम्हारा पानी पी रहे इत्ते बरसां से."

अण्णा हौदाच्या काठाशी गेले. वाकून पाण्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "व्हय. सावंगीच्या अंगाचं दिसतंय." आणि बादली घेऊन न्हाणीत गेले. ते आत बराच वेळ होते. बाहेर आले ते गुलाबाच्या साबणाचा वास घेऊन, केस मागं फिरवलेले, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचा परकेपणा, जसं कुणी ओळखीच्या माणसाचा चांगला फोटो काढावा. माय त्यांच्याकडं बघतच राहिली. ते तिच्यावरच खेकसले, "बघती काय? पाणी आपलंच हाय."

माय झाली, मी झाले. शेवटची बादली अक्काची. तिनं केस सोडले, शिकेकाईची वाटी घेतली, आणि तेवढ्यात टांगा दारात थांबला. पाहुणे ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी आले होते. मुलगा दामोदर, त्याचे वडील आणि त्याची आई कडूबाई. तेव्हा आगगाडीला कोळशाचं इंजिन असायचं. तिघंही खिडकीशी बसून आलेले दिसत होते. कडूबाईंच्या तोंडावर काजळी होती, कपाळाचं कुंकू तिच्यात मिसळून वाहिलेलं, एका डोळ्यात कोळशाचा कण जाऊन तो लाल झालेला. आणि तिघांच्याही काखेत एकेक गाठोडं. त्यातून एका पंच्याचं टोक आणि साबणाचा तुकडा डोकावत होता. माय आणि आत्यानं एकमेकींकडं बघितलं. लासूरच्या लोकांनी रेल्वे थेट आहे म्हणून होकार दिला नव्हता.

कडूबाई ओट्यावर बसल्या आणि अगदी सहज, मायसारख्याच सहज म्हणाल्या, "नळ कोन्या अंगाला हाय, माय?"

आत्यानं कोरड्या नळाकडं बघितलं. तेव्हा अक्का पुढं झाली. तिनं आपली बादली उचलली आणि कडूबाईंपुढं ठेवली. "घ्या. आंग धुवा. डोळ्यात पाणी मारा आधी."

आत्यानं तिला मागं ओढलं आणि कुजबुजली, "अगं, तुला बघायला आलेत! तुझे केस?" अक्का तितक्याच हळू म्हणाली, "असू द्या. बघून जातील माघारी." मला ते ऐकू आलं. तिनं दया दाखवली नव्हती. स्थळ मोडायचा तो सगळ्यात साधा रस्ता होता. मळके केस, मातीनं भरलेली मान, असं ती पाहुण्यांसमोर जाऊन बसणार होती. तिच्या तोंडावर, बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा, समाधान दिसत होतं.

कडूबाई अंग धुऊन आल्या. डोळा निवला होता. खाली पाटावर बसलेल्या अक्काजवळ त्या गेल्या, तिचे केस हातात घेतले. त्यातली माती त्यांच्या बोटांना लागली. त्या आपल्या नवऱ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हिनं आपलं पाणी मला दिलं. या दिवसांत. आन् तेबी बघायच्या दिवशी. मला दुसरी पोरगी बघायची नाय."

अक्काचा चेहरा असा झाला की मला हसू दाबायला भिंतीकडं तोंड करावं लागलं.

पण कडूबाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांना वाटलं असावं, अशा पोरीच्या घरच्यांशी लपवाछपवी बरी नाही. त्या अण्णांना म्हणाल्या, "पाहुणे, एक सांगायचं राहिलंय. पोरगा आता लासूरला नसतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलाय. तुम्ही शहराला पोरगी देत नाय असं कानावर आलं, म्हणून आम्ही दाबून ठिवलं. आता तुम्ही म्हणाल तसं."

अक्कानं झटकन वर बघितलं. मग तिचा हात नकळत केसांकडं गेला, आणि तिथंच थांबला.

अण्णांच्या कपाळावर आठी चढली. शहरात, शहरातल्या अंगणात, गुलाबाच्या वासात बसून शहराविरुद्ध बोलायला माणसाला जरा वेळ लागतो. त्यांनी दामोदरला विचारलं, "ऱ्हायला कुठं?"

"कारखान्याच्या मागं खोली घेतलीय. नवी वस्ती हाय."

"पाणी?"

दामोदरच्या वडलांनी त्याला कोपरानं ढोसलं. पण तो पोरगा सरळ होता. "नाय," तो म्हणाला. "नळ घेतलाय सगळ्यांनी, पाणी नाय त्याला. रेल्वेरुळाच्या पलीकडनं विहिरीवरनं आणावं लागतं."

अण्णांची आठी हळूहळू उतरली. त्यांनी आत्याकडं बघितलं, हौदाकडं बघितलं, पाहुण्यांच्या गाठोड्यांकडं बघितलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाणी नाय, विहिरीवरनं आणतेत, मग ते शहर कसलं? गावच हाय ते. आपल्याला चालतंय."

सगळे मोकळेपणानं हसले. साखर वाटायला आत्या आत गेली. तेव्हा खालांनी हात वर केला. "ठैरो जी. लडकी से किसी ने पूछा?" आणि अक्काकडं वळून, "बोल बेटी."

मुलीनं बोलायची ती रीत नव्हती. अक्का खाली मान घालून बसली होती, मग तिनं मान वर केली आणि थेट दामोदरला विचारलं, "इहिरीवरनं पाणी कोन आणतं?"

"मीच आणतो. सकाळी कामाला जायच्या आधी."

"लगीन झाल्यावर?"

तो गोंधळला. आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं; तिकडून काही मदत मिळेना. मग म्हणाला, "तवाबी मीच. तुम्ही घरात जपून वापरा म्हंजे झालं."

"मंग चालंल," अक्का म्हणाली.

दाजींनी तो शब्द पाळला का, असं मला माझ्या मुली विचारतात. पाळला, पहिली काही वर्षं. पुढं त्यांना रात्रपाळी लागली आणि मग अक्काच रूळ ओलांडून जाऊ लागली. पण त्याबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त भांडण झालं की रिकामी घागर उचलून ती त्यांच्या उशाशी नेऊन ठेवायची. त्या वस्तीला पुढं रस्ते आले, दवाखाना आला, शेवटी धरणाचं पाणीही आलं. अण्णा तिच्याकडं नेमानं जायचे. जाताना मात्र कधी 'शहरात चाललो' म्हणाले नाहीत. 'कौसाकडं' म्हणायचे.

त्या दिवशी पाहुणे गेले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती. आम्ही गाठोडी बांधली, पण खालांनी अक्काला दंडाला धरून हौदाकडं नेलं. "ऐसे बालां लेके जाती क्या? बैठ." त्या स्वतः हौदात उतरल्या, तळाचं पाणी वाटीनं बादलीत गोळा केलं आणि आपल्या हातानं अक्काचे केस चोळू लागल्या. पाणी आधी लालसर वाहिलं, मग मातकट, मग जरा निवळ. लता शेजारी उभी राहून केसांवर धार धरत होती आणि त्या दिवशी तिनं कुणाच्याही बोलण्याची नक्कल केली नाही.

माय घाईला आली होती. "अवं, गाडी जाईल ना," ती अण्णांना म्हणाली. अण्णा ओट्यावर मांडी घालून बसले होते. मामांनी केलेला चहा त्यांच्या हातात होता आणि ते खालांच्या नातवाला सावंगीच्या डोंगरात झरा कुठून फुटतो, कुठं लपतो, मेंढरं त्याच्यावर कशी जायची, हे हवेत बोटानं रेघा ओढून दाखवत होते. पोराला सगळं समजत होतं असं नाही, पण तो ऐकत होता. अक्काचे ओले केस उन्हात पाठभर पसरले होते.

"गाडी जाऊ द्या," अण्णा मान न वळवता म्हणाले. "केस वाळल्याबिगर तिला कुठं वाऱ्यात न्यायची?"